ओढ्यापलीकडचे ऐनाचे बुडखे

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. पदरचं रचून सांगायची मला सवय नाही, आणि ज्याला भूतबाधा म्हणजे करमणूक वाटते त्याने इथेच थांबावं. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा पाठचा भाऊ, वाल्मीक. हे सांगायला तो माझ्या सासरी, चांदे गावात आला, तेव्हा त्याच्या हातातल्या चहावर साय धरली तरी त्याने कप तोंडाला लावला नव्हता. पन्नाशी उलटलेला बाप्या. मान वर करत नव्हता.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. भात झोडून झालेलं. आमचं माहेर रिह्याच्या खोऱ्यात. तिथे आमच्या खाचरांच्या वर, ओढ्यापलीकडे ऐनाचं रान आहे.

आहे म्हणते मी. होतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. दिवस डोंगराआड गेलेला, पण उजेड अजून होता...

थांबा. आधी मागचं सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीने मधूनच सुरुवात केली.

वाल्मीकची बायको रजनी. तिला पहिली मुलगी झाली. जावळ भरपूर, अंग इवलंसं. पाचवी पुजायच्या आत गेली. नाव ठेवायचंही राहून गेलं.

आमच्याकडे एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. बापई माणसंच नेतात. पुरलेल्या जागेवर खुणेचा दगड ठेवत नाहीत आणि आईला ती जागा कधी सांगत नाहीत. सांगितली तर आई तिथे जाऊन बसते, उठत नाही, आणि पुढचं लेकरू तिच्या पोटी धरत नाही, असं जुनी माणसं म्हणायची.

बरं की वाईट, मला विचारू नका. रीत होती. पाळली.

वाल्मीक परत आला तेव्हा रजनीने अंथरुणातूनच विचारलं, "कुटं ठिवली?"

"सावलीत," तो म्हणाला.

तेवढंच. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती ओढ्यापलीकडे कधी गेलीही नाही. राबाचे, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायच्या फांद्यांचे भारे आणायचे तर दुसऱ्या बाजूच्या डोंगरावरून आणायची, लांब पडलं तरी.

वाल्मीकने माती लोटून झाल्यावर त्या जागेला सांगितलं होतं, "हितं नीज. हितनं तुला कोनी उठवनार न्हाई."

दगड नव्हता, पण झाड होतं. भाताच्या राबाला आम्ही दरवर्षी ऐनाच्या फांद्या तोडतो, त्यामुळे त्या रानातली सगळी झाडं बोडकी आणि खुरटी. एका झाडाला मात्र वाल्मीकने त्यानंतर कोयता लावला नाही. ते एकच भरल्या डोक्याचं, ओढ्याकडे किंचित कललेलं. त्याला लांबून दिसायचं. दिसलं की तो तोंड फिरवायचा.

मग रोहित झाला. मोठा झाला, शिकला, हिंजवडीला कंपनीत लागला. पोरगा गुणाचा आहे, पण बोलताना नजर मोबाइलवर असते, त्यामुळे आपण त्याच्याशी बोलतोय की भिंतीशी हे कळत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याच्या आधी घरात कोणी होतं.

"पप्पा, वरच्या रानात तंबू टाकू," तो एक दिवस म्हणाला. "वीकेंडला एवढी पब्लिक येते. ओढा आहे, व्ह्यू आहे. झाडं तशी पण खुरटीच आहेत. सगळी साइट क्लीन करून घेऊ."

इथे वाल्मीकने तोंड उघडायला हवं होतं.

नाही उघडलं. काय सांगायचं पोराला, या वयात? मनात म्हणाला, तोडायच्या दिवशी मी उभा राहीन, आपलं झाड तेवढं वाचवीन.

परवानगी आली, तोडकरी ठरले. आणि नेमकं त्याच दिवशी बावधनला लग्न निघालं. लांबचं नातं. नसता गेला तर कुणी विचारलं नसतं.

तो गेला.

का गेला, ते त्याला माहीत आहे आणि मलाही. झाड पडताना बघायचं नव्हतं आणि थांबवायला जीभ उचलत नव्हती. मांडवातून त्याने फोन केला.

"रोहित, एखांदं झाड ठिव रं सावलीला."

"कुठलं?"

मागे वाजंत्री वाजत होती. पोरगा ऐकत होता. सांगायला दोन शब्द पुरले असते.

"बघ तुझं तू," वाल्मीक म्हणाला, आणि पंगतीला जाऊन बसला.

मला हे सांगताना त्याला जिलेबी आठवत होती. "आक्का, म्या जिलेबी दोनदा मागून घेतली गं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

रोहितने बापाचा शब्द मोडला नाही. वाटेवरचं जांभूळ ठेवलं.

वाल्मीक परतला तेव्हा रानात नुसते बुडखे होते. गुडघ्याएवढे, एकसारखे. भरलं डोकं नाही, कल नाही, काही नाही. ज्या झाडाला तो सबंध आयुष्य लांबून ओळखत आला, त्याचा बुडखा त्याला जवळ उभं राहूनही ओळखता येईना.

आता बुडखे काढायचे होते. मोठं मशीन पलीकडे जाईना, ओढ्यावरचा साकव अरुंद. वाल्मीककडे चिखलणीचा छोटा ट्रॅक्टर आहे, तो जातो. भाड्याने दुसऱ्याला सांगू, असं रोहित म्हणाला होता. वाल्मीकने साफ नाही म्हटलं. दुसऱ्याने हात लावण्यापेक्षा आपण लावलेला बरा.

कामाची पद्धत अशी. बुडख्याभोवती खणायचं, आडव्या मुळ्या कुऱ्हाडीने तोडायच्या, साखळी गुंडाळून ट्रॅक्टरच्या खालच्या हुकात अडकवायची आणि लहान गिअरमध्ये हळूहळू ओढायचं. घाई केली तर पुढची चाकं वर उठतात आणि ट्रॅक्टर माणसाच्याच अंगावर येतो.

प्रत्येक बुडखा निघाला की वाल्मीक खाली उतरायचा. खड्ड्यात वाकायचा. माती हातात घेऊन चुरडायचा.

"पप्पा, सोनं पुरलंय का खाली?"

"हुमणीची अळी हाय का बघतूया."

"हुमणी बघून काय करता? आपण तंबू लावतोय, ऊस नाही."

वाल्मीक पुढच्या बुडख्याला साखळी लावायला गेला.

त्यात एक बुडखा असा आला, की साखळी ताणली आणि तो सहज वर आला. हलणारा दात यावा तसा. खालची माती बाकीच्यांपेक्षा काळी होती. मऊ होती.

तो खड्ड्यापाशी उभा राहिला...

त्याला कळलं होतं. मला त्याने तसं सांगितलं नाही, पण कळलं असणारच. मग त्याने स्वतःची समजूत काढली. वाळवी लागली असेल. पाणी मुरत असेल. त्याने तो बुडखा ढिगाकडे ओढून नेला, खड्ड्यात फावड्याने माती लोटली आणि पुढच्या बुडख्याला लागला.

पुढचा बुडखा रानाच्या मधोमध होता. जाड नव्हता. मुळ्या तोडल्या, साखळी लावली.

रोहित कंपनीच्या मीटिंगचा फोन घ्यायला खाली घरी गेला होता. रानात वाल्मीक एकटाच.

साखळी ताणली...

आणि इंजिन बंद पडलं.

धूर नाही. आचका नाही. कुणी वरून तळहात ठेवावा तसं गप्प.

त्याने साखळी सैल केली. चावी फिरवली. एका दमात चालू.

पुन्हा ताणली.

बंद.

डिझेल होतं. हवा धरली असेल म्हणून त्याने नळी सोडून हवा काढली. तीच गत. साखळी सैल असली की ट्रॅक्टर शहाणा, ताणली की मुका.

मग त्याच्या लक्षात आलं, सातभाई गप्प झाले आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. सातभाई म्हणजे मातकट रंगाची पाखरं, घोळक्याने फिरतात आणि भाऊबंदकीतल्यासारखी सतत भांडतात. सकाळपासून त्यांनी कान किटवले होते. आता एकही आवाज नव्हता. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत नव्हतं, आणि ओढा तर वाहत होता.

आणि त्या शांततेत...

चुटुक... चुटुक... चुटुक...

अगदी बारीक.

त्याला वाटलं डिझेल ठिबकतंय. त्याने ट्रॅक्टरखाली वाकून बघितलं. कोरडं.

चुटुक... चुटुक...

आवाज बुडख्याखालून येत होता. उपाशी लेकरू स्वतःची मूठ चोखतं ना, तसा.

वाल्मीक बुडख्यापाशी खाली बसला. पण तो घाबरला नाही. आक्का, मला बरं वाटलं, असं तो म्हणाला. हीच. हिनेच धरून ठेवलंय. आपण तोडायला निघालो, पण पोरीनेच आपला हात अडवला. त्याने बुडख्याला मिठी मारली, डोकं टेकवलं आणि पोटभर रडला. "चुकलो बाय. नीज. न्हाई काडत तुला," असं म्हणून साखळी सोडली.

रोहित वर आला.

"हा राहिला की एक."

"ह्यो ऱ्हाऊ दे."

"मधोमध? मग तंबू कुठे टाकू पप्पा, तुमच्या डोक्यावर?"

"टाक. पन ह्यो हितंच ऱ्हानार."

बापाचे लाल डोळे बघून पोरगा कुऱ्हाड उचलायला वळला. दोघे अवजारं गोळा करायला लागले. सुरुवातीला सांगत होते ती हीच संध्याकाळ. दिवस डोंगराआड गेला.

तेवढ्यात रोहित म्हणाला, "मम्मी?"

साकवावरून रजनी येत होती.

जी बाई इतकी वर्षं ओढा ओलांडून आली नाही ती. पायात चप्पल नाही. पदर छातीवर दोन्ही हातांनी आवळून धरलेला. चाल अशी, की कुणीतरी वाट दाखवतंय आणि ती मागून येतेय.

"काय गं? काय झालं?" वाल्मीकने विचारलं.

तिने बघितलं नाही.

त्या न निघालेल्या बुडख्याजवळून ती गेली. त्याच्याकडेही बघितलं नाही.

ती सरळ ढिगाकडे गेली. मुळ्या वर करून पडलेले बुडखे, सगळे सारखे. तिने एकाला हात लावला, सोडला. दुसऱ्याला लावला, सोडला. आणि मग एकापाशी खाली बसली. त्याच्या मुळ्यांत काळी माती अडकलेली होती.

सहज निघालेला तोच.

ती त्याला थापटायला लागली. हलकं, सावकाश, झोपवतात तसं.

"मम्मी, उठ. काटे आहेत तिथे."

तिने पदर सोडला...

चोळी ओली होती. दोन्ही बाजूंनी. वास आला, तो पाण्याचा किंवा घामाचा नव्हता. ज्या घरात तान्हं मूल असतं तिथे येतो तो वास. पोरगा सव्वीस वर्षांचा झालाय, आणि आईला पान्हा फुटला होता. रोहितने तोंड फिरवलं.

"उपाशी ठिवली तुमी हिला," रजनी म्हणाली.

"कुनाला? रजनी, कुनाला गं?" वाल्मीकने विचारलं.

"मला काय माईत? सकाळधरनं रडतीया. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मघाचा चुटुक आवाजही नाही.

दोघांनी तिला धरून घरी आणलं. दारात पाय ठेवल्यावर ती आपल्या अंगाकडे बघून म्हणाली, "ह्ये काय सांडलं माज्या अंगावर?" मधलं काही तिला आठवत नव्हतं. पौडच्या डॉक्टरने तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, या वयात असं होतं कधीकधी म्हणाला. होत असेल. माझ्या माहितीत कुणाला झालेलं नाही.

त्याच रात्री वाल्मीकने रोहितला सगळं सांगितलं. झाड, दिलेला शब्द, बावधनचं लग्न. काही लपवलं नाही. रोहितने मोबाइल उलटा ठेवला. मग एवढंच विचारलं, "म्हणजे मला ताई होती?"

सकाळी बापलेकांनी तो बुडखा परत नेला. खड्डा उकरला, बुडखा जसा होता तसा बसवला, हातांनी माती लोटली. या वेळी वाल्मीकने त्या जागेला शब्द दिला नाही. कुठल्या तोंडाने देणार?

तंबूचं नाव रोहितने त्यानंतर काढलं नाही.

पण रजनीचं थांबलं नाही.

रोज दिवस मावळला की ती हातातलं काम टाकायची आणि ओढ्यापलीकडे जायची. गोळ्या चालू होत्या, पान्हाही चालू होता. बुडख्यापाशी बसायची, थापटायची, अंधार दाटायच्या आत उठून यायची. घरी आल्यावर विचारलं तर म्हणायची, "म्या कुटं गेले? हितंच तर व्हते." वाल्मीक रोज तिच्या मागे जायचा आणि लांब उभा राहायचा. जवळ जायची हिंमत नव्हती. बायको त्याला एका शब्दाने बोलली असती तर बरं झालं असतं. बोलली नाही.

मग एका संध्याकाळी ती थापटता थापटता थांबली. तिने पदर सावरला. चोळी कोरडी होती.

"निजली," ती म्हणाली.

वाल्मीकने हात जोडले. त्याला वाटलं, सुटलो.

रजनी उठली. चार पावलं आली... आणि रानाच्या मधोमध थांबली.

त्या बुडख्यापाशी. ज्याला मिठी मारून हा रडला होता. ज्याने ट्रॅक्टर बंद पाडला होता.

ती वाकली. कान लावला.

"आन ही?" तिने विचारलं. "ही कवा निजायची? हिची आई कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी वाल्मीक माझ्या घरी आला. ते मी वर सांगितलंच.

"आक्का," तो म्हणाला, "आमी तर एकच पुरली व्हती."

मी म्हटलं, "मग रजनीच्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय. पुण्याला मोठ्या डॉक्टरला दाखव."

तो मान हलवत राहिला. मग बोलला, आणि हे त्याने इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीला घेऊन तो एकटा गेला नव्हता. आमचे वडील, आबा, बरोबर होते. जागा आबांनीच दाखवली. रान एवढं मोठं, पण आबांनी इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ तिथे नेलं. वाल्मीक रानाच्या मधोमध एका झाडाखाली खणायला वाकला, तर आबांनी त्याचा हात धरला.

"हितं नको," आबा म्हणाले होते. "हितं नको. थोडं पलीकडं खन."

का, ते वाल्मीकने तेव्हा विचारलं नाही. हातात लेक होती. कोण विचारतं?

आबा गेले. आईला जाऊन तर त्याहून जास्त वर्षं झाली. आई आयुष्यभर दिवस मावळला की ओट्यावर येऊन बसायची आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहायची. मी तिला किती वेळा टाकून बोलले असेन, काम सोडून काय बघत बसतेस गं, डोंगर कुठे पळून चाललाय? ती हसायची. एकदाही काही बोलली नाही. तिला कुणी काही सांगितलंच नसेल, तर ती बोलणार तरी काय?

आमच्या घरात थोरली मी. निदान आजवर सगळे असंच म्हणत आले, माझ्या आधी कोणी होतं असं कुणी सांगितलं नाही.

परवा वाल्मीकचा फोन आला होता. रजनी आता बरी आहे म्हणाला, जेवते, हसते. फक्त रोज संध्याकाळी ओढ्यापलीकडे बघत एकच विचारते, आक्का कवा येनार?

मी म्हटलं, घरात काम आहे रे, सवड झाली की येते.

काम काही नव्हतं.